नानीचा बटवा

सोलापूरकडच्या आमच्या आजोळी पावसाळ्यात संध्याकाळी अंगणात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला जाई. तरीही डास चावायचेच. खाजवून पाय लाल झाले की नानी गार पाण्यात भिजवलेली फडक्याची घडी त्यावर ठेवायची. कधी पाण्यात थोडा शिरका घालून पुसायची, कधी गुलाबपाणी लावायची. एकदा आम्हाला गांधीलमाशी चावली, तेव्हा शेजारच्या काकू चुन्याची डबी घेऊन धावत आल्या. नानीने त्यांचा हात धरला. "चुना नको गं बाई, पोराची कातडी भाजंल." मग दोघींनी मिळून गार पाण्याची धार धरली.

नानीला लिहिता-वाचता येत नव्हते. मग हे तिला कोणी शिकवले? या प्रश्नाचा माग काढू लागलो आणि आम्ही पार बगदादपर्यंत जाऊन पोचलो.

नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ अरबीत आणले जात होते. या कामातला अग्रणी हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती होता आणि त्याला आश्रय देणारे खलिफा मुसलमान होते. आपण ज्या वैद्यकाला 'युनानी' म्हणतो, त्याच्या नावातच ग्रीकांचे ऋण मान्य केलेले आहे. पुढे इब्न सीनाने (९८०–१०३७) 'अल-कानून' हा पाच खंडांचा ग्रंथ रचला. त्याच्या चौथ्या खंडात विषांचा आणि विषारी दंशांचाही विचार आहे. आग होणाऱ्या जागी 'उष्णता' वाढली, तेव्हा तिथे 'थंड' गुणाची वस्तू लावावी, असा त्या वैद्यकाचा हिशेब. शिरका, कापूर आणि गुलाब या थंड मानलेल्या वस्तू. नानीच्या फळीवर त्या तिन्ही होत्या.

परंतु इब्न सीनाची खरी थोरवी आम्हाला दुसऱ्या खंडात दिसते. औषधाचा गुण अनुभवाने ठरवायचा तर कोणती पथ्ये पाळावीत, याच्या सात अटी त्याने घातल्या. औषध शुद्ध असावे, त्याचा परिणाम पुन्हा पुन्हा दिसावा, आणि परीक्षा माणसाच्या शरीरावर व्हावी, अशा त्या अटी. निव्वळ वाडवडिलांनी सांगितले म्हणून खरे, असे तो मानत नव्हता.

हे ज्ञान हिंदुस्थानात आले तेव्हा इथल्या वैद्यांशी त्याची गाठ पडली. १५१२ मध्ये सिकंदर लोदीचा वजीर मियाँ भुवा याने संस्कृत वैद्यकग्रंथांच्या आधारे फारसीत मोठा ग्रंथ सिद्ध केला. ग्रीक औषधांची नावे इथे कोणाला ठाऊक नाहीत आणि हवामानही निराळे, हे त्याने ओळखले होते. दख्खनमध्ये इतिहासकार फरिश्ता यानेही देशी वैद्यकावर फारसीत पुस्तक लिहिले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणारा गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, धर्म बदलावा लागलेल्या यहुदी घराण्यातला. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात इथल्या वनस्पतींची माहिती आहे, त्यांत आपला कडुनिंबही आहे. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. झाडपाल्याला कोणी धर्म विचारला नाही. माणसाला मात्र मेल्यावरही विचारला गेला.

पुढे काळाने सगळ्यांचीच परीक्षा घेतली. रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले आणि डासाचा चावा ही केवळ खाजेची गोष्ट उरली नाही. डासाच्या लाळेमुळे आपल्या कातडीत हिस्टामिन सुटते आणि खाज येते, हेही विसाव्या शतकात कळले. गार पाण्याची घडी या परीक्षेत पूर्ण उतरली. मधमाशीचा काटा ताबडतोब काढून टाकावा, हेही खरे ठरले. चुन्याबाबत नानीची शंका रास्तच होती. कापराच्या बाबतीत मात्र आता जपून राहावे लागते, कारण तो मुलाच्या पोटात गेला तर घातक ठरतो. आणि दंशानंतर ओठ सुजले, श्वास लागला, भोवळ आली, तर बटवा बाजूला ठेवून तडक इस्पितळ गाठावे. तिथे मिनिटांचा हिशेब असतो.

हुनैन, इब्न सीना, मियाँ भुवा, ओर्ता यांची नावे इतिहासात राहिली, कारण त्यांनी लिहून ठेवले. नानीचे आणि त्या काकूंचे नाव कोणत्या पुस्तकात येणार? आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायका आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून विचारावे आणि वहीत उतरवून घ्यावे, असे आम्हाला वाटते. लिहून घेतलेले सगळेच खरे मानू नये, पारखून घ्यावे. मात्र पारखण्यासाठी आधी ते हाती तर असले पाहिजे. आमच्या नानीचे आम्ही विचारले नाही. आज आठवणीत फक्त त्या ओल्या फडक्याचा गारवा तेवढा उरला आहे.