माऱ्याचा पल्ला (डावपेचांचे व्हिडिओ गेम)

माऱ्याचा पल्ला म्हणजे पाळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या डावपेचांच्या व्हिडिओ गेममध्ये एखादा मोहरा उभ्या जागेवरून आपल्या शस्त्राने ज्या किमान व कमाल अंतरावर हल्ला करू शकतो, ते अंतर होय. हे अंतर सामान्यतः पटावरील घरांच्या संख्येत मोजतात. पल्ला १ असलेले शस्त्र केवळ लगतच्या घरावर चालते. पल्ला २–३ असल्यास दुसऱ्या व तिसऱ्या घरावर मारा होतो, लगतचे घर मात्र सुटते. कोणावर हल्ला करता येईल एवढेच नव्हे, तर त्याला उलट वार करता येईल की नाही, हेही अनेक खेळांत पल्ल्यावरूनच ठरते.

पार्श्वभूमी

ही संकल्पना पटावरील युद्धखेळांत आधीपासून रूढ होती. अव्हॅलॉन हिल कंपनीच्या १९७० मधील 'पँझरब्लिट्झ' या खेळात लढाऊ तुकड्यांच्या सोंगट्यांवर हल्ल्याची ताकद, पल्ला, बचाव व चाल असे चार आकडे छापलेले असत. जपानमधील इंटेलिजंट सिस्टिम्सने विकसित केलेल्या 'फॅमिकॉम वॉर्स' (१९८८) आणि 'फायर एम्ब्लेम' (पहिला भाग १९९०) या मालिकांनी घरांत मोजलेला पल्ला व्हिडिओ गेममध्ये रुजवला.

अंतर मोजण्याच्या पद्धती

एकाच आकड्याचा पल्ला पटाच्या रचनेनुसार कमीअधिक घरे व्यापतो. पुढील पद्धती प्रचलित आहेत :

- चौकोनी पट, तिरपी पायरी नाही : आडवी व उभी घरे मोजून बेरीज करतात. तिरप्या बाजूचे घर २ अंतरावर धरले जाते. पल्ला ३ असल्यास २४ घरे माऱ्यात येतात. 'फायर एम्ब्लेम' व 'ॲडव्हान्स वॉर्स' यांत ही पद्धत आहे.
- षट्कोनी पट : प्रत्येक घराला सहा शेजारी असतात. पल्ला ३ असल्यास ३६ घरे माऱ्यात येतात.
- चौकोनी पट, तिरपी पायरी ग्राह्य : बुद्धिबळातील राजाच्या चालीप्रमाणे आठही शेजारी १ अंतरावर असतात. पल्ला ३ असल्यास ४८ घरे माऱ्यात येतात.

प्रतिहल्ला आणि किमान पल्ला

'फायर एम्ब्लेम'मध्ये सर्वसाधारण तलवार, भाला व कुऱ्हाड यांचा पल्ला १, तर धनुष्याचा बहुधा २ असतो. त्यामुळे तिरंदाज दोन घरांवरून तलवारधाऱ्याला निर्धोकपणे घायाळ करू शकतो. मात्र तलवारधारी लगत येऊन भिडला, तर तिरंदाजाला उलट वार करता येत नाही. फेकीचा भाला व फेकीची कुऱ्हाड यांचा पल्ला १–२ असल्याने दोन्ही अंतरांवर प्रतिहल्ला करता येतो. मालिकेच्या 'गायडेन' (१९९२) या भागात तिरंदाज लगतच्या शत्रूवरही बाण सोडू शकतात.

'द बॅटल फॉर वेसनॉथ' या मुक्त खेळात हल्ला नेहमी लगतच्या षट्कोनावरच होतो. तेथे 'जवळचा' आणि 'दूरचा' हे अंतर नसून हल्ल्याचे प्रकार आहेत. ज्या प्रकारचा हल्ला झाला त्याच प्रकारचे शस्त्र असेल, तरच उलट वार करता येतो.

अप्रत्यक्ष मारा

'ॲडव्हान्स वॉर्स' (२००१) मध्ये तोफेचा पल्ला २–३, अग्निबाणांच्या गाडीचा ३–५ व युद्धनौकेचा २–६ आहे. खुल्या पटावर ही क्षेत्रे अनुक्रमे २०, ४८ व ८० घरांची होतात. याची किंमतही मोजावी लागते. या तुकड्यांना एकाच पाळीत चाल करून मारा करता येत नाही, तसेच प्रतिहल्लाही करता येत नाही. त्यामुळे त्यांच्यापुढे पायदळ किंवा रणगाड्यांची फळी उभी करणे आवश्यक ठरते. 'इनटू द ब्रीच' (२०१८) मध्ये ८ × ८ घरांच्या पटावर तोफखाना सरळ रेषेत, पण अडथळ्यांवरून मारा करतो. सरळ जाणारा गोळा मात्र वाटेतील पहिल्याच वस्तूवर आदळतो.

दृष्टी आणि नेम

काही खेळांत पल्ल्याची मर्यादा ठाम नसते. 'एक्सकॉम : एनिमी अननोन' (२०१२) मध्ये शत्रू दिसत असेल, तर बहुतेक बंदुकांनी गोळी झाडता येते, अंतराचा परिणाम नेम लागण्याच्या शक्यतेवर होतो. शॉटगन जवळून प्रभावी ठरते, तर नेमबाजाच्या रायफलीचा नेम फार जवळच्या लक्ष्यावर बिघडतो. विशिष्ट कौशल्य मिळवलेला नेमबाज केवळ सहकाऱ्याला दिसणाऱ्या शत्रूवरही गोळी झाडू शकतो. 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' (१९९७) मध्ये उंचावर उभे राहिल्यास धनुष्याचा पल्ला वाढतो.

धोक्याचे क्षेत्र

प्रत्यक्ष खेळताना निव्वळ पल्ल्यापेक्षा चाल आणि पल्ला यांची बेरीज अधिक महत्त्वाची असते. मोकळ्या मैदानात ५ घरे चालणारा व २ पल्ल्याचे धनुष्य बाळगणारा तिरंदाज ७ घरांवरील मोहऱ्याला गाठू शकतो. डोंगर, जंगल किंवा वाट अडवणारे मोहरे यांमुळे हे क्षेत्र आक्रसते. पारंपरिक 'फायर एम्ब्लेम'मध्ये युद्धात पडलेले पात्र सहसा परत येत नाही, म्हणून एका घराची चूकही कायमची भोवते. या मालिकेतील अलीकडचे खेळ शत्रूचे धोक्याचे क्षेत्र रंगवून दाखवतात, तर 'इनटू द ब्रीच' शत्रूचा पुढील हल्ला कोठे होणार हे आधीच उघड करतो.