घटकाभराचा फरक

लक्ष्मीपूजनाचा प्रदोषकाळ सूर्यास्तावर ठरतो. म्हणून पंचांगकर्ते गावोगावचा सूर्यास्त निरनिराळा धरतात. घड्याळाला ही सवड नाही. परभणीत घड्याळाने बारा वाजवले, तरी सूर्य माथ्यावर यायला सरासरी 23 मिनिटे बाकी असतात. जुन्या मापाने जवळजवळ एक घटका! भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. परभणी तिच्या पश्चिमेस सुमारे पावणेसहा अंश. अंशाला चार मिनिटे, असा हा हिशेब.

ही तफावत गावात आणली आगगाडीने. 1900 च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मार्ग परभणीवरून सुरू झाला. तेव्हा देशातल्या गाड्या मद्रास वेळेने धावत. ती वेळ परभणीच्या सूर्याहून 14 मिनिटे पुढे. सूर्य पाहून घर सोडणाऱ्याची गाडी चुकलीच म्हणायची. 1 जुलै 1905 रोजी रेल्वेने प्रमाणवेळ स्वीकारली, 1 जानेवारी 1906 पासून ती सरकारी झाली. मुंबईत मात्र 39 मिनिटे मागची 'मुंबई वेळ' 1955 पर्यंत टिकून होती. एका शहरात दोन वेळा! तरी व्यवहार चालले, कारण फरक सर्वांना पाठ होता. मला वाटते, दोन घड्याळांत अंतर असणे हा घोटाळा नव्हे. ते अंतर ठाऊक नसणे, हा खरा घोटाळा.

संगणकाचे दुखणे नेमके हेच. त्याच्या पोटातले स्फटिकाचे घड्याळ दहा लाखांत वीस भाग चुकले, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. शिवाय थंडी-उन्हाने त्याची चाल बदलते. सेकंदात हजारो नोंदी करणाऱ्याला पावणेदोन सेकंद म्हणजे युगच. समजा, एकच खाते दोन संगणकांवर आहे आणि 'नंतरची नोंद खरी' असा नियम आहे. मग मागे पडलेल्या घड्याळाची ताजी नोंद शिळी ठरून पुसली जाईल. ती एखाद्या शेतकऱ्याने पीककर्ज फेडल्याची असली तर?

यावर अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी बसवलेली रीत 1985 पासून चालू आहे. संगणक भरवशाच्या दुसऱ्या संगणकाला वेळ विचारतो, प्रश्नोत्तराच्या जाण्यायेण्यात गेलेला काळ मोजतो, त्याचा निम्मा भाग हिशेबात धरतो आणि आपले घड्याळ हळूच सरकवतो. आपली प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील अणुघड्याळे राखतात.

परभणीचा सूर्य आजही घटकाभर मागेच आहे, आणि त्यावाचून कोणाचे अडत नाही. तो फरक ओळखीचा झाला आहे. संगणकाचा फरक मात्र रोज नवा, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा वेळ विचारीत राहावे लागते.