तोरण्याचे धन आणि आकाशातला वाटाड्या

श्रोतेहो, तोरणा दुरुस्त करताना शिवरायांना पुरलेले धन सापडले आणि त्यातून राजगड उभा राहिला, ही परंपरा भोर-वेल्ह्याच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. ते धन अवचित सापडले. ठिकाण आकड्यांत सांगण्याची विद्या जुनीच, पण देशाची बारीक मापणी मागाहून झाली. १८०२ साली लॅम्बटनने मद्रासेजवळ त्रिकोणमापणी आरंभली; १८२३ साली आपल्या हिंगणघाटास तो वारला.

पुढे हे काम उपग्रहांकडे गेले. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनात एकाने डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ‘जिओकॅशिंग’ हा खेळ जन्मला तो असा!

आता यंत्र कोणते घ्यावे? एका दिवसाच्या फेरीला मोबाइलवरचे ॲप पुरते. नकाशा मात्र घरीच उतरवून घ्या, डोंगरात रेंजचा भरवसा नाही. पावसापाण्यात, मुक्कामी जायचे तर सेल बदलता येणारे हातातले यंत्र बरे. यंत्राला निदान चार उपग्रह लागतात. कड्याच्या पोटाशी संदेश आपटून येतो आणि ठिकाण सरकते.

आकडेही नीट वाचा बरं का! १८ अंश १५ मिनिटे म्हणजे १८.२५ अंश, राजगडाच्या आसपास. तेच १८.१५ वाचलेत, तर अकरा किलोमीटर दक्षिणेस, भोरच्या बाजूला जाल. अंधार पडताना ही चूक जिवावर बेतेल.

गुरुजींनी हा खेळ शाळेच्या आवारात जरूर खेळवावा. गडावर मात्र खणू नये, दगड हलवू नये. तिथले खरे धन तेच आहे.