भिंतीवरचं हवामान

भिंतीवर हवामान टांगायची हौस काही इंटरनेटने आणलेली नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातच श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नक्षीदार बॅरोमीटर असायचे. पण त्या नळीला कळणार काय, तर तिथल्या हवेचा दाब. दूरवर काय चाललंय याचा तिला पत्ता नाही.

तो पत्ता लागला तारेमुळे. ऑक्टोबर १८५९ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर 'रॉयल चार्टर' हे जहाज वादळात फुटलं आणि चारशेहून जास्त माणसं गेली. डार्विन ज्यावरून जगप्रवासाला गेला त्या 'बीगल'चा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय तेव्हा सरकारी हवामान खातं सांभाळत होता. त्याने ठिकठिकाणच्या नोंदी तारेने मागवल्या आणि १८६१ मध्ये बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. बंदरात खांबावर शंकू चढला, की वादळ येतंय असं समजायचं. त्याच वर्षी १ ऑगस्टला 'द टाइम्स'मध्ये त्याचा अंदाज छापून आला.

अंदाज चुकला की थट्टा व्हायची. १८६५ मध्ये फिट्झरॉयने आत्महत्या केली. पुढच्या वर्षी एका चौकशी समितीच्या अहवालानंतर इशारेही बंद पडले. पण दर्यावर जाणाऱ्यांना ते हवेच होते, आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

सध्या मी शनिवार-रविवारी जुन्या फोटोफ्रेममध्ये छोटा स्क्रीन बसवून हवामानफलक बनवतोय. चौकट सागवानी आहे, झकास दिसते. पण खरी किंमत तिच्यामागच्या वायरची, असं माझं मत झालंय. वायर काढली तर उरते नुसती शोभेची वस्तू.