शाळासुधारणेचा उपाय निवडताना : नेपरव्हिल, शिकागो आणि मुंबईचे धडे

शाळा सुधारण्याच्या उपायांची उणीव कुठेच नाही. लहान वर्ग, संगणक, नवा अभ्यासक्रम, शिक्षक-प्रशिक्षण, व्यायाम, वैयक्तिक शिकवणी यांपैकी प्रत्येकाला समर्थक आहेत आणि प्रत्येकाच्या बाजूने एखादा आकडा पुढे केला जातो. अवघड असते ती निवड. शाळेचा पैसा आणि वेळ मर्यादित असतो, आणि चुकीच्या उपायात गेलेले मुलाचे वर्ष परत मिळत नाही. परदेशस्थ मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न दोन ठिकाणी उभा राहतो : मुलांच्या इथल्या शाळा-जिल्ह्यात आणि ज्या गावच्या शाळेला देणगी पाठवायची त्या गावात. इलिनॉय राज्यातील नेपरव्हिलचे उदाहरण या प्रश्नाच्या मुळाशी नेणारे आहे.

नेपरव्हिलचा नावाजलेला आकडा

शिकागोच्या पश्चिमेस असलेले नेपरव्हिल हे सुमारे दीड लाख वस्तीचे शहर मुख्यतः दोन शाळा-जिल्ह्यांत विभागलेले आहे : नेपरव्हिल जिल्हा २०३ आणि इंडियन प्रेअरी जिल्हा २०४. १९९९ साली ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचणीत अमेरिकेतील काही राज्ये व शाळा-जिल्हे स्वतंत्रपणे सहभागी झाले. त्यात जिल्हा २०३ च्या आठवीच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानात ५८४ गुण मिळवून तैवान (५६९) आणि सिंगापूर (५६८) यांनाही मागे टाकले. गणितात ५६९ गुणांसह हा जिल्हा सिंगापूर, कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि जपान यांच्या पाठोपाठ होता. त्या वर्षी अमेरिकेची सरासरी विज्ञानात ५१५ आणि गणितात ५०२ होती.

या यशाला पुढे एक कारण चिकटले : व्यायाम. जिल्ह्यातील मॅडिसन ज्युनियर हायचे शारीरिक शिक्षक फिल लॉलर यांनी खेळातील कौशल्याऐवजी प्रयत्नाला गुण देण्याची पद्धत रुजवली. छातीला बांधलेल्या हृदयगती-मापकावरून विद्यार्थ्याने किती कष्ट घेतले हे कळे, त्यामुळे संथ धावणाऱ्या मुलालाही पूर्ण गुण मिळू शकत. नेपरव्हिल सेंट्रल हायस्कूलमध्ये पॉल झिएंटार्स्की यांनी हीच दिशा पुढे नेली. हार्वर्ड मेडिकल स्कूलचे मनोविकारतज्ज्ञ जॉन रेटी यांनी २००८ च्या ‘स्पार्क’ या पुस्तकात या प्रयोगाचे वर्णन केले आणि नेपरव्हिलचे नाव जगभर झाले.

मात्र या आकड्याने व्यायामाचा परिणाम सिद्ध होतो का? त्याच चाचणीत शिकागोच्या उत्तरेकडील सधन उपनगरांतील ‘फर्स्ट इन द वर्ल्ड’ या जिल्हासमूहाने गणितात ५६० आणि विज्ञानात ५६५ गुण मिळवले, म्हणजे नेपरव्हिलच्या अगदी जवळचे. शिकागो शहराच्या सरकारी शाळा मात्र अनुक्रमे ४६२ आणि ४४९ वर होत्या. एकाच राज्यातील, काही मैलांच्या अंतरावरील या दरीत पालकांचे शिक्षण, उत्पन्न आणि घरातील स्थैर्य यांचा वाटा किती व शाळेचा किती, हे गुणांची सरासरी सांगू शकत नाही.

लहान पण अधिक बोलका आकडा

नेपरव्हिल सेंट्रलमधील दुसरी नोंद तुलनेने कमी गाजली, पण निवडीच्या दृष्टीने ती अधिक उपयोगी आहे. वाचनात मागे असलेल्या काही विद्यार्थ्यांसाठी पहिल्या तासाआधी ‘झिरो अवर’ हा व्यायामाचा वर्ग सुरू झाला आणि त्याला वाचन-सुधार वर्गाची जोड देण्यात आली. ‘स्पार्क’मधील नोंदीनुसार सत्राअखेर या मुलांच्या वाचन-आकलनात १७ टक्के सुधारणा झाली. वाचनाचा वर्ग घेणाऱ्या, पण नेहमीच्याच शारीरिक शिक्षणाला जाणाऱ्या मुलांत ती १०.७ टक्के होती.

इथे निदान तुलनेसाठी दुसरा गट आहे. तरीही एक शंका उरते. पहाटे उठून व्यायामाला येण्यास तयार झालेली मुले आणि झोप पसंत करणारी मुले मुळातच वेगळी असू शकतात. फरक व्यायामाचा की जिद्दीचा, हे या तुलनेतून पूर्णपणे वेगळे करता येत नाही. शिवाय व्यायाम हा वाचन-शिक्षणाला पर्याय नव्हता, मेंदूला शिकण्यासाठी सज्ज करून मग वाचन शिकवणे अशी ती जोडरचना होती. यातील केवळ धावणे उचलून वाचनाचा वर्ग वगळणारी शाळा उपायाचा अर्धाच भाग घेते.

चिठ्ठीने केलेली निवड

ही शंका दूर करण्याचा मार्ग म्हणजे कोणाला उपाय मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे. शिकागोच्या सरकारी शाळांत नववी-दहावीतील, गणितात बरीच वर्षे मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी असा प्रयोग झाला. एका शिक्षकामागे दोनच विद्यार्थी आणि शाळेच्या वेळापत्रकातच रोज एक तास, असे त्याचे स्वरूप होते. २०२३ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गणिताचे गुण ०.१८ ते ०.४० प्रमाण विचलनाने वाढले. सोप्या भाषेत, शंभरांच्या रांगेत मध्यावर असलेला विद्यार्थी साधारण ५७ ते ६५ व्या जागेपर्यंत सरकला. किशोरवयात मागे पडलेल्या मुलांसाठी आता फार उशीर झाला, या समजाला त्यामुळे धक्का बसला.

मुंबईचा प्रयोग याहून जुना आहे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतीलच शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर नेऊन वाचन आणि अंकगणिताचा पाया शिकवी. मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये होते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई व बडोद्यात या उपक्रमाची यादृच्छिक पद्धतीने तपासणी केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी वाढ दिसली, आणि लाभ मुख्यतः तळाच्या मुलांना झाला. खर्च प्रति विद्यार्थी वर्षाला सव्वादोन डॉलरच्या आसपास होता. उपक्रम संपल्यावर वर्षभराने मात्र हा लाभ बराच ओसरला होता. त्यामुळे असा आधार एकदाच देऊन भागत नाही, तो सातत्याने द्यावा लागतो.

शिकागो आणि मुंबई यांच्या परिस्थितीत काहीच साम्य नाही, तरी दोन्हीकडे यशस्वी ठरलेल्या उपायाचा गाभा एकच आहे : मूल ज्या पातळीवर आहे तिथून, लहान गटात, नियमितपणे शिकवणे.

साधन तेच, परिणाम उलट

संगणकांबाबत गुजरातमधील अनुभव देणगीदारांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बडोद्यातील शाळांत गणिताच्या संगणक-खेळांनी गुण चांगले वाढवले, पण खर्च बालसखीच्या कितीतरी पट होता. ‘ज्ञान शाळा’ संस्थेच्या वर्गांत हाच कार्यक्रम नेहमीच्या अध्यापनाच्या वेळात घातला तेव्हा मुले मागे पडली. शाळेच्या वेळेनंतर पूरक म्हणून दिला तेव्हा त्यांना फायदा झाला.

वर्ग लहान करण्याची कथाही अशीच आहे. टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे चाललेल्या ‘स्टार’ प्रयोगात १३ ते १७ मुलांच्या वर्गांना स्पष्ट लाभ झाला, विशेषतः गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये तोच उपाय राज्यभर घाईने लागू केला, तेव्हा पुरेसे पात्र शिक्षकच मिळेनात. चांगला उपायही तो राबवणारे हात नसतील तर फिका पडतो.

निवड करताना विचारायचे प्रश्न

या सर्व अनुभवांतून चार प्रश्न हाती येतात :

१. तुलना कोणाशी? आधी-नंतरचे गुण पुरेसे नाहीत. उपाय न मिळालेल्या तशाच मुलांचे काय झाले, हे कळले पाहिजे. अमेरिकेच्या २०१५ च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्यात पुराव्याचे चार स्तर सांगितले आहेत. यादृच्छिक प्रयोग सर्वांत वर आणि केवळ तर्कावर आधारलेला उपाय सर्वांत खाली येतो. सादर झालेला उपाय कोणत्या स्तरावर बसतो, हे शाळेला विचारता येते.

२. कोणत्या मुलांसाठी? सरासरी वाढली तरी तळाची मुले तिथेच राहू शकतात. इलिनॉयच्या शालेय प्रगतिपत्रकात प्रावीण्य आणि प्रगती या दोन वेगळ्या नोंदी असतात. प्रावीण्यात घरची पार्श्वभूमी अधिक डोकावते. प्रगतीतून शाळेच्या कामाचा अधिक अंदाज येतो, म्हणून घर घेण्यापूर्वी शाळा पाहणाऱ्यांनी दोन्ही पाहाव्यात.

३. कशाच्या बदल्यात? नव्या तासासाठी कोणता तास जाणार आणि त्याच पैशात दुसरे काय करता आले असते?

४. राबवणार कोण, आणि किती काळ? यंत्र एका देणगीत येते. ते वापरणारी व्यक्ती दरवर्षी लागते.

इलिनॉयमध्ये शाळा-जिल्ह्याचे सात सदस्यांचे मंडळ विनावेतन काम करते आणि विषम वर्षांच्या एप्रिलमध्ये त्याची निवडणूक होते. मतदान नागरिकांपुरते असले तरी मंडळाच्या बैठका सर्वांना खुल्या असतात आणि तिथे बोलण्यासाठी वेळ राखलेला असतो, त्यामुळे हे प्रश्न व्हिसावर राहणाऱ्या पालकालाही मांडता येतात. गावाकडच्या शाळेबाबत तर देणगीदाराचा शब्द सहसा ऐकला जातो. संगणककक्षाच्या उद्घाटनाला फलक लागतो, बालसखीच्या मानधनाला लागत नाही. पण त्याच रकमेत एखाद्या स्थानिक तरुणीचे काही वर्षांचे मानधन निघत असेल, तर तिसरीतले मूल वाचू लागण्याची शक्यता कशाने अधिक वाढेल, याचा विचार पैसे पाठवण्यापूर्वीच व्हायला हवा.