हस्तिदंत परवडेना, तर माती

मराठवाड्यातल्या ढोकीच्या पंचक्रोशीत रेल्वे आली ती विसाव्या शतकात, तेरणा साखर कारखाना त्याहून उशिरा. पण घरात काहीतरी सुंदर आणून ठेवावे आणि ते आपल्या ऐपतीत बसावे, ही हौस या भागात दोन हजार वर्षांपासून आहे. तिचा पुरावा ढोकीजवळच, तेरणेच्या काठी तेर गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात मांडलेला आहे.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा हिशेब दिलेला आहे. तगरचे जाडेभरडे कापड आणि तलम मलमलही गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जाई. हे तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट या पुराभिलेखतज्ज्ञाने 1901 मध्ये मांडले. कापडाचा पैसा गावात खेळू लागला की विणकर, रंगारी, गाडीवान अशा मधल्या कमाईच्या माणसांनाही हौस परवडू लागते. तेरमध्ये नेमके हेच झालेले दिसते.

श्रीमंतांची निवड होती हस्तिदंत. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे नाते थेट इटलीतल्या पाँपेईशी लागते. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात 1938 साली अशाच घडणीची भारतीय मूर्ती मिळाली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही तिची एक बहीण सापडली आहे. अशा मूर्ती आरशाची मूठ किंवा आसनाचा पाय म्हणून वापरल्या जात असाव्यात, असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे रोजच्या वापरातलीच वस्तू, पण ती ज्याच्या घरी असेल तो लहान माणूस नव्हे.

बाकीच्यांनी काय करायचे? तेरच्या कारागिरांनी त्यावर काढलेला तोडगा हस्तिदंतापेक्षाही कौतुकाचा आहे. त्यांनी केओलिन नावाची पांढरट, बारीक कणांची माती घेतली आणि दोन साचे केले, एक पुढच्या अंगाचा, एक पाठीचा. दोन्हीत मातीचा पातळ थर दाबायचा, अर्धी अंगे जोडायची, सांधा पुसायचा आणि मूर्ती भाजायची. ती आतून पोकळ राहते, त्यामुळे माती कमी लागते, वजन हलके होते आणि भाजताना तडकण्याचे भयही कमी. हे दुहेरी साच्याचे तंत्र रोमन संपर्कातून आले, असे अनेक अभ्यासक मानतात. आले असेल, पण त्यातून निघालेली बाई पक्की इथलीच आहे. भरगच्च केशरचना, कानांत जड कुंडले, अंगभर दागिने. थाट हस्तिदंती मूर्तीचाच, फक्त माल स्वस्त.

कसबात मात्र काटकसर नाही. सारे कौशल्य साचा कोरण्यात ओतले की पुढची प्रत्येक मूर्ती त्यावर उभी राहते. साच्यातून काढले म्हणजे अस्सल नाही, असे नाक मुरडणाऱ्यांनी आजच्या कलादालनांत डोकवावे. तिथे एकाच साच्यातून ओतलेल्या ब्राँझच्या मोजक्या प्रती अस्सल म्हणूनच विकल्या जातात. तेरला रोमन नाण्यांच्या धर्तीची मातीची पदकेही मिळाली आहेत. सोन्याचे नाणे गळ्यात घालणे जमले नाही, तर मातीचे घालायचे!

या मूर्ती आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या गावातल्याच एका माणसाच्या नादामुळे. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचे व्यापारी. टेकाडांवर, शेतांत, पावसाने उघड्या पडलेल्या मातीत इतरांना जी खापरे दिसत, त्यांत यांना मूर्ती, मणी, दिवे दिसले. हजारो वस्तू त्यांनी जमवल्या आणि पुढे हा संग्रह सरकारी वस्तुसंग्रहालय झाला.

तेर हे गोरोबाकाकांचेही गाव. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके कोणते ते ओळखणारा हा कुंभार. गावगाड्यात कुंभार बलुतेदार होता, मडक्या-घागरींचा मोबदला त्याला सुगीत धान्याच्या रूपाने मिळे. पोळ्याला देव्हाऱ्यापुढे मांडायचे मातीचे बैलही त्याच्याच हातचे. घरातली कलावस्तू ज्वारीच्या हिशेबात येण्याची ही रीत शेकडो वर्षे चालली.

मग छापखाना आला. राजा रविवर्म्याची तैलचित्रे बडोद्याच्या गायकवाडांसारख्या राजेरजवाड्यांच्या भिंतींवर होती. 1894 मध्ये त्याने मुंबईत शिळाप्रेस काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी घरोघर झाल्या. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोहोचली आणि बाजाराचा माल आत येण्याची वाट सोपी झाली. पण इथे एक गोष्ट हातची गेली. तेरच्या कुंभाराच्या साच्यावर अखेरपर्यंत माणसाचे बोट फिरत होते. शिळाप्रेसच्या तसबिरीत चित्रकार राहिला दूर आणि गिऱ्हाइकाच्या हाती आला तो कागद.

माणसाचे बोट अजून फिरते ते महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांवर. मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि भाद्रपदात त्या बसवणाऱ्या घरात मुखवट्यांची जोडी ही फार विचाराने केलेली खरेदी असते. पितळी परवडले नाहीत तर शाडूचे, नाहीतर प्लास्टरचे. साच्यातून मुखवटे सारखेच निघतात, पण डोळ्यांची आखणी हाताने होते. म्हणून जाणत्या बायका दुकानात आधी किंमत विचारत नाहीत. मुखवटा उजेडात धरून दोन्ही डोळे एका रेषेत आहेत का, नजर शांत आहे का, ते पाहतात. आखणी चुकलेली जोडी स्वस्तात मिळाली, तरी ती फळीवर परत जाते.