स्वयंसेवी उभयचर सर्वेक्षण

स्वयंसेवी उभयचर सर्वेक्षण म्हणजे बेडूक, भेक व देवगांडूळ या उभयचर प्राण्यांची सामान्य नागरिकांनी ठरावीक पद्धतीने केलेली नोंद. महाराष्ट्राच्या पश्चिम घाटात अशा नोंदींसाठी पावसाळ्यातील रात्रीची वेळ सर्वांत सोयीची असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यमापनात ८,०११ उभयचर जातींपैकी सुमारे ४१ टक्के जाती संकटग्रस्त आढळल्या. मात्र एखाद्या गावातील बेडूक घटले की नाहीत, हे पूर्वीच्या नोंदी असल्याखेरीज सांगता येत नाही.

पद्धत

सर्वेक्षणाचा मुख्य आधार डोळा नसून कान आहे. विणीच्या काळात नर मादीला साद घालतो आणि प्रत्येक जातीची साद वेगळी असते. उत्तर अमेरिकेत रूढ झालेल्या पद्धतीनुसार सूर्यास्तानंतर ठरलेल्या थांब्यांवर प्रत्येकी पाच मिनिटे ऐकून शून्य ते तीन असा अंक दिला जातो. साद मुळीच नसेल तर शून्य, सुटे आवाज मोजता आले तर एक, आवाज एकमेकांत मिसळू लागले तर दोन आणि अखंड गजर असेल तर तीन. हा अंक म्हणजे बेडकांची संख्या नव्हे. माद्या व गप्प बसलेले नर त्यात येत नाहीत. शून्याची नोंदही तितकीच मोलाची असते, आणि नेमकी तीच वहीत लिहायची राहून जाते. त्याच थांब्यांवर दरवर्षी परत जाणे हे या कामाचे सार होय.

शहापूर–मुरबाड परिसर

ठाणे जिल्ह्यातील धसई परिसरासारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या भागात भातखाचरे, ओढे व झाडी जवळजवळ असल्याने एकाच फेरीत निरनिराळे अधिवास ऐकता येतात. पहिल्या मोठ्या पावसात साचलेल्या पाण्यावर भारतीय बैलबेडकाचे नर पिवळेधमक होतात व त्यांच्या गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगतात. हे दृश्य काही दिवसच टिकते. झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाची घरटी करतात. खाचरातील लहान बेडकांच्या जाती मात्र इतक्या सारख्या दिसतात की केवळ छायाचित्रावरून नाव देणे धाडसाचे ठरते. तेथे ‘जात अनिश्चित’ असे लिहून सादेचे ध्वनिमुद्रण जोडणे अधिक प्रामाणिक.

अशा सारखेपणामुळे परिचित डोंगरांतूनही नव्या जाती उजेडात येतात. आंबोलीच्या भेकाचे शास्त्रीय वर्णन २००९ साली झाले. राऑर्चेस्टेस घाटेई या झुडूपबेडकाचे वर्णन २०१३ साली झाले. त्याचे नाव पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्यावरून ठेवले आहे.

दक्षता

बेडूक हाताळू नयेत. त्यांच्या त्वचेवर वाढणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही आढळली आहे, म्हणून एका ओढ्यावरून दुसऱ्याकडे जाताना बूट धुऊन वाळवावेत. संरक्षित वनात वनविभागाची परवानगी लागते. घोणस व फुरसे रात्री बाहेर पडतात. उंच बूट व विजेरीशिवाय बांधावर उतरू नये, एकट्याने तर नाहीच.

देवगांडूळ

देवगांडूळ साद घालत नाही व बहुतेक काळ मातीखाली राहते, त्यामुळे वरील पद्धतीत ते सुटते. नांगरणीत, दगड उचलताना किंवा शेणखताच्या ढिगाखाली ते दिसू शकते, आणि साप समजून मारले जाण्याचा धोका असतो. ते बिनविषारी आहे. गांडुळाला जबडा नसतो. देवगांडुळाला जबडा व दात असतात. त्याच्या नोंदी शेतात राबणाऱ्यांकडूनच मिळण्याचा संभव अधिक.